न वाढणारे गवत : संथ नत्राच्या इतिहासातील काही पाने

गवताला नत्र मिळाले की गवत वाढते, हे शेतकऱ्याला किंवा गुराख्याला सांगावे लागत नाही. नत्र हा पानांचा आहार आहे आणि पान हेच गवताचे सर्वस्व. गुराख्याच्या दृष्टीने गवताची वाढ म्हणजेच गवताचे मोल. परंतु गेल्या दोन शतकांत गवताचा एक असा मालक जन्मास आला की, ज्याला गवताचा रंग हवा असतो आणि वाढ नको असते. तो गवत कापतो ते जनावरांपुढे टाकण्यासाठी नव्हे, तर ते वाढले म्हणून. त्याला फूल नको, बी नको, हिवाळ्यातील पिवळेपण नको आणि वसंतातील उधाणही नको. वर्षभर एकाच लांबीचे, एकाच छटेचे, जणू कालबाह्य असे गवत त्याला पाहिजे असते. या मालकाच्या मागणीतून खतांचा एक स्वतंत्र वर्ग उदयाला आला. त्याला इंग्रजी शास्त्रग्रंथांत निरनिराळी नावे आहेत. आम्ही त्याला येथे 'संथ नत्र' म्हणणार आहोत.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडण्याचे कारण असे की, लॉन ही वस्तू वनस्पतिशास्त्राची जेवढी आहे तेवढीच ती अभिरुचीच्या इतिहासाची आहे. तिच्यात निसर्ग आहे, पण तो संपादित. (आपल्याकडे या शब्दाने वेगळाच संसार थाटला आहे. महाराष्ट्रातील लग्नपत्रिकांवर तो 'लॉन्स' असा अनेकवचनी छापला जातो आणि त्याचा अर्थ मांडव घालण्याजोगे मोकळे मंगल कार्यालय असा होतो. तिथे गवत असेलच असे नाही. असो.)

आधी थोडे मागे गेले पाहिजे. अठराव्या शतकातील इंग्रज जमीनदाराच्या वाड्यापुढची हिरवळ दोन गोष्टींवर टिकून होती : लांब दांड्याचा विळा चालवणारे मजूर आणि मेंढ्या. मेंढी हे यंत्र म्हणून पाहिले तर फारच सफाईदार आहे. ती गवत कापते, आणि कापलेल्या गवतातील बराचसा नत्रांश लेंडी-मूत्राच्या रूपाने तिथेच परत करते. लेंडीतला अंश हळूहळू कुजतो, मातीतले जीवाणू तो फोडतात, आणि गवताला तो थोडाथोडा मिळत राहतो. मूत्राचा अंश मात्र तत्काळ लागू होतो. कुरणात मधूनच दिसणारे गडद हिरवे ठिपके त्याचेच. संथ आणि शीघ्र असे नत्राचे दोन्ही प्रकार मेंढीच्या एकाच देहातून उतरत होते.

१८३० मध्ये इंग्लंडमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. कापडगिरणीत लोकरी कापडाचे उभारलेले तंतू भादरण्याचे जे फिरत्या पात्यांचे यंत्र असे, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. तसे असेल तर गवताला गालिचा मानण्याची उपमा त्या यंत्राच्या जन्मातच विणली गेली होती, असे म्हणावे लागेल. यंत्र आले, मेंढी गेली. आणि तिच्याबरोबर परत येणारे नत्रही गेले. विशेषतः कापलेले गवत पेटीत गोळा करून बाहेर टाकण्याची रीत पडल्यावर हिरवळ ही सतत भरती मागणारी वस्तू झाली. हिरवळीच्या कापलेल्या पात्यांत सुक्या वजनाच्या सुमारे ३ ते ५ टक्के नत्र असते. दर आठवड्याला ते उचलून नेणे म्हणजे दर आठवड्याला जमिनीतून नत्र उपसणे होय.

थॉर्स्टीन व्हेब्लेनने १८९९ च्या 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' या ग्रंथात या प्रकरणाचे मर्म नेमके पकडले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, कापलेली हिरवळ डोळ्यांना सुखावते ती ती मुळात कुरण आहे म्हणून. परंतु त्या कुरणावर खरी गाय चरू द्यावी तर ते काटकसरीचे आणि उपयुक्ततेचे लक्षण ठरते, आणि प्रतिष्ठेला नेमके तेच खपत नाही. कुरण हवे, गाय नको. व्हेब्लेन खतांविषयी लिहीत नव्हता, पण गाय गेल्यावर तिच्या शेणाचे काय, हा प्रश्न त्याच्या विवेचनातून आपसूकच उभा राहतो. (पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, वुड्रो विल्सन यांनी व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर खरोखरच मेंढ्या सोडल्या. त्यांची लोकर लिलावात विकून रेड क्रॉससाठी पन्नास हजारांहून अधिक डॉलर उभे राहिले. युद्धकाळात उपयुक्तताच प्रतिष्ठेची झाली होती, एवढाच त्याचा अर्थ.)

गवत आणि नत्र यांच्या संबंधाचा पहिला मोठा प्रयोग मात्र हिरवळीवर झाला नाही, चाऱ्याच्या कुरणावर झाला. लंडनच्या उत्तरेस रोथॅमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८५६ मध्ये सुमारे ७ एकरांच्या एका जुन्या कुरणाचे तुकडे पाडून प्रत्येकाला निराळे खत देण्यास आरंभ केला. 'पार्क ग्रास' या नावाने ओळखला जाणारा हा प्रयोग अजून चालू आहे. (त्याच्या आदल्याच वर्षी व्हिटमनच्या 'लीव्ह्ज ऑफ ग्रास'ची पहिली आवृत्ती निघाली होती. योगायोगाला अर्थ चिकटवण्याची खोड समीक्षकांना असते. तो मोह येथे आवरतो.) लॉज-गिल्बर्ट यांना पाहायचे होते ते गवताचे उत्पन्न. ते वाढले, यात आश्चर्य नव्हते. आश्चर्य वेगळेच निघाले. ज्या तुकड्यांना काहीच दिले नव्हते तिथे तीस-चाळीस जातींची झाडोरी गुण्यागोविंदाने नांदत राहिली. ज्यांना अमोनियम सल्फेटच्या रूपाने भरपूर नत्र मिळाले, तिथे काही वर्षांतच एकेक जात मागे हटू लागली, आणि चुना न दिलेल्या, आम्ल झालेल्या तुकड्यांत शेवटी एखाद-दोन जातींचे गवत उरले. पहिली गळाली ती शेंगवर्गीय झाडे, म्हणजे स्वतःच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र बांधून घेणारी. जे फुकट वाटले जात होते ते कमावण्याची कला व्यर्थ ठरली होती. समृद्धीने दारिद्र्य आणावे, अशी ही घटना.

वनस्पतिशास्त्रज्ञाला जी हानी दिसली, तीच हिरवळीच्या रखवालदाराला पर्वणी वाटली. एकाच जातीचे गवत, रानफुले नाहीत, क्लोव्हर नाही : त्याला नेमके हेच हवे होते! विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिकेतील गोल्फच्या मैदानांवर अमोनियम सल्फेट वारंवार टाकून जमीन मुद्दाम आम्ल ठेवण्याचा जो संप्रदाय माजला, त्याची प्रेरणा पार्क ग्राससारख्या प्रयोगांचीच होती. १९२० चे दशक संपता संपता त्याचा उतारा पडला. तण गेले खरे, पण जमीन इतकी आंबट झाली की गवतही उन्हाळ्यात तग धरीना.

येथे शीघ्र नत्राला गवत कसा प्रतिसाद देते ते सांगणे भाग आहे, कारण संथ नत्राची सगळी कहाणी त्या प्रतिसादाविरुद्धची तक्रार आहे. पाण्यात चटकन विरघळणारे खत टाकले की आठवड्याभरात गवत गडद होते आणि उफाळून वाढते. ही वाढ पानांची असते. ती घडवण्यासाठी रोप आपल्या बुडख्यात साठवलेली शर्करा खर्चून टाकते. मुळांच्या वाट्याला काही उरत नाही. पाने लुसलुशीत, पातळ भिंतींची होतात. बुरशीला ती सोपी जातात. पाच-सहा आठवड्यांत ऐश्वर्य ओसरते, रंग फिकटतो, आणि मालक पुन्हा पिशवी उघडतो. मात्रा चुकली तर क्षार पानांतील पाणी शोषून घेतात आणि हिरवळ करपते. म्हणून एका वेळी दर चौरस मीटरला ५ ग्रॅमपेक्षा अधिक शीघ्र नत्र देऊ नये, असा दंडक पुढे रूढ झाला. नत्र कमी पडले तरी सुटका नसते : उपाशी गवतावर तांबेरा आणि 'डॉलर स्पॉट' नावाचा रोग येतो, माजलेल्या गवतावर 'ब्राउन पॅच'. मेजवानी आणि उपवास यांच्या आळीपाळीने गवताची प्रकृती बिघडते, हे काही जाहिरातदारांनी रचलेले मिथक नव्हे. आज लॉनवर टीका करणाऱ्या लेखनात सगळा दोष खत विकणाऱ्यांच्या माथी मारण्याची प्रथा आहे. आम्हांस ती अपुरी वाटते. संथ नत्राने एका खऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर शोधले. प्रश्नच कोणी आणि कसा निर्माण केला, हा मुद्दा निराळा.

पहिले यशस्वी उत्तर आले ते गटारातून. मिशिगन सरोवराकाठच्या मिलवॉकी शहराने सांडपाणी शुद्ध करण्यासाठी त्यात हवा खेळवून सूक्ष्मजीव पोसण्याची तेव्हा नवीन असलेली पद्धत स्वीकारली. पाणी निवळले; पण मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या गाळाचे डोंगर उभे राहिले. त्यांचे काय करावे हे शोधण्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठात एक शिष्यवृत्ती ठेवण्यात आली आणि ऑस्कर नोअर नावाच्या तरुण मृदाशास्त्रज्ञाने ते काम हाती घेतले. त्याला आढळले की भट्टीत वाळवलेला हा गाळ गोल्फच्या गवतावर पसरला तर रासायनिक खताच्या दुपटीने नत्र देऊनही गवत करपत नाही. कारण साधे होते. त्यातले नत्र मृत जीवाणूंच्या प्रथिनांत अडकलेले असते. मातीतील जिवंत जीवाणू ते फोडतील तेव्हाच ते सुटते. १९२६ पासून हे खत 'मिलऑर्गनाइट' या नावाने विकले जाऊ लागले. मिलवॉकी, ऑरगॅनिक आणि नायट्रोजन या तीन शब्दांचा तो जोडशब्द. नत्र जेमतेम ६ टक्के. युरियात ४६ असते. तरीही ते खपले. शहराने आपल्या घाणीला नाव दिले, ते पोत्यात भरले आणि उपनगराने ते अंगणात पसरले. मेंढीने सोडलेली जागा अशा रीतीने मिलवॉकीकरांनी स्वतःच भरून काढली, असे म्हटले तर फारसे अतिशयोक्त होणार नाही. मैल्याशी जोडलेली किळस एका बऱ्या नावाने पुसली जाते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

(मिलऑर्गनाइट बाजारात येण्याच्या आदल्या वर्षी, १९२५ मध्ये, 'द ग्रेट गॅट्सबी' प्रसिद्ध झाली. डेझी भेटीला येणार म्हणून गॅट्सबी आपल्या शेजाऱ्याचे, म्हणजे निकचे, गवत कापायला भर पावसात माणूस पाठवतो. स्वप्नाच्या वाटेत शेजाऱ्याचे वाढलेले गवतही खपत नाही. ही कादंबरी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर घडते. त्या बेटाकडे आम्हांला पुन्हा यावयाचे आहे.)

आता या इतिहासातील सर्वांत विलक्षण वळण. दुसऱ्या महायुद्धापूर्वी विकल्या जाणाऱ्या लॉनच्या बियाण्यात पांढरे क्लोव्हर हौसेने मिसळले जाई. आपल्याकडच्या बरसीम घासाचे ते भाऊबंद. ते हवेतील नत्र बांधते; त्याची पाने-मुळे कुजली की ते शेजारच्या गवताला मिळते, आणि तेही सावकाश. हिरवळीच्या आत राहणारा हा संथ नत्राचा जिवंत कारखानाच होता. १९४५ च्या सुमारास २,४-डी हे तणनाशक बाजारात आले. ते रुंद पानांची झाडे मारते आणि गवताला सोडून देते. रसायनाला रानटी फूल आणि क्लोव्हर यांत भेद करता येत नव्हता. मग भेद मालकाने पुसून टाकला. क्लोव्हर तण ठरले. काल बियाण्याच्या पाकिटात असलेली वनस्पती आज मारण्याच्या यादीत गेली. तिच्या व्याख्येत बदल झाला तो तिच्या गुणधर्मात काही बदल झाला म्हणून नव्हे, तर हाती आलेल्या साधनाला ती वगळता येत नव्हती म्हणून. वाङ्मयेतिहासात 'अभिजात' आणि 'अवांतर' यांच्या याद्या कशा बनतात याचा विचार करणाऱ्यांना हे ओळखीचे वाटावे.

आणि नेमक्या त्याच दशकात अमेरिकी कृषी खात्याचे रसायनशास्त्रज्ञ युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगातून संथ नत्र बनवण्याच्या प्रयत्नात होते. हा संयोग पूर्णत्वास नेला तर त्यातून प्लायवूड चिकटवणारी राळ होते, विजेच्या बटणांचे कठीण प्लॅस्टिक होते. अर्ध्यावर थांबवला तर लांबी-आखूडपणात फरक असलेल्या साखळ्यांची पांढरी भुकटी मिळते. आखूड साखळ्या लवकर सुटतात, लांब साखळ्या फोडायला जीवाणूंना महिने, कधी वर्षेही लागतात. १९५० च्या दशकात ही खते बाजारात आली. एका हाताने क्लोव्हर मारायचे आणि दुसऱ्या हाताने त्याची उणीव भरून काढायची, असा हा व्यवहार. हे कोणी कट करून घडवले, असे आमचे म्हणणे नाही. दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांतील माणसे आपापले काम चोख करीत होती, इतकेच.

पुढच्या दोन दशकांत संथ नत्राचे आणखी प्रकार आले. जपानमध्ये १९६० च्या दशकात युरियाची आयसोब्युटिरॅल्डिहाइडशी सांगड घालून एक खत निघाले; ते जीवाणूंची वाट पाहत नाही, केवळ पाण्याने विघटित होते. दाणा जितका मोठा तितका तो अधिक काळ पुरतो. त्याच सुमारास अमेरिकेत अलाबामातील मसल शोल्स येथे टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने युरियाच्या दाण्यांवर गंधकाचा लेप देण्याची रीत विकसित केली. (मसल शोल्सची मूळची नायट्रेट गिरणी पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी उभारलेली होती. नत्राच्या इतिहासात तोफखाना आणि फुलबाग यांच्यामध्ये फार उंच भिंत कधीच नव्हती.) त्यानंतर राळेचे आणि प्लॅस्टिकचे लेप आले, त्यांतून पाणी आत झिरपते आणि विरघळलेले खत तापमानाच्या प्रमाणात बाहेर पडते.

गंधकाच्या लेपाविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. गंधक ठिसूळ असते. लेपाला बारीक छिद्रे राहतात, चिरा जातात. काही दाण्यांचा लेप पहिल्याच पावसात फुटतो, काहींचा महिन्याने, आणि ज्यांचा लेप निर्दोष बसला त्यांतून काही केल्या नत्र बाहेरच येत नाही. प्रत्येक दाणा, एकदा फुटला की, शीघ्र खतासारखाच वागतो. संथपणा कोणत्याही एका दाण्यात नसतो. तो असतो हजारो दाण्यांच्या निरनिराळ्या दोषांत. सर्व दाणे परिपूर्ण असते तर ते खत निरुपयोगी ठरले असते. आम्हांला या सबंध इतिहासात याहून मनोहर गोष्ट आढळली नाही.

एवंच, प्रत्येक संथ खताच्या आत एक घड्याळ आहे. मिलऑर्गनाइट आणि युरिया-फॉर्माल्डिहाइड यांचे घड्याळ जीवाणू चालवतात, जपानी खताचे पाणी, गंधकाचे, लेपातील उणिवा, प्लॅस्टिकचे, ऊष्मा. आणि गवताच्या आत त्याचे स्वतःचे घड्याळ असते. दोन्ही घड्याळे जुळली तर गवत सुखी. न जुळली तर संथपणाच नडतो. अमेरिकेच्या उत्तर भागातील लॉन केंटकी ब्लूग्रासचे. हे थंड हवेचे गवत. (नाव केंटकीचे, पण मूळचे युरोपीय) त्याला १५ ते २४ अंश सेल्सिअस मानवते. वसंतात ते फोफावते, कडक उन्हाळ्यात झोपी जाते, शरदात पुन्हा जागे होते आणि मुळे धरते. त्याला खरी भूक शरदात लागते. पण जीवाणूंचे घड्याळ नेमके उलटे : उन्हाळ्यात धावते, शरदाच्या अखेरीस मंदावते, हिवाळ्यात थांबते. म्हणजे ब्लूग्रास ग्लानीत असताना त्याच्यापुढे ताट वाढले जाते आणि भुकेच्या वेळी स्वयंपाकघर बंद. म्हणून अनुभवी लोक शरदाच्या अखेरीस तापमानावर कमी अवलंबून असलेले किंवा चक्क शीघ्र खत वापरीत आले. पुन्हा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा साठा जमिनीत साचेपर्यंत पहिले वर्ष-दोन वर्षे गवत फिकटच दिसते. चिकाटी नसलेला मालक एवढ्यात खत बदलतो.

दक्षिणेकडचे लॉन मात्र वेगळ्या गवताचे. त्याला ते लोक 'बर्म्युडा ग्रास' म्हणतात, जरी ते बर्म्युडा बेटाचे नव्हे. मराठी वाचकाला ते जन्मापासून ठाऊक आहे : ती आपली हरळी. उसाच्या आणि कपाशीच्या रानात शेतकरी जिच्या काशा खणून खणून थकतो ती हरळी, आणि भाद्रपदात एकवीसच्या जुड्या करून गणपतीला वाहतो त्या दूर्वा, वनस्पती एकच. जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन या प्रजननशास्त्रज्ञाने तिचा एका आफ्रिकी भावंडाशी संकर करून 'टिफग्रीन' (१९५६) आणि 'टिफवे' (१९६०) या जाती काढल्या आणि जगभरची गोल्फ व क्रीडा मैदाने त्यांनी व्यापली. हे संकर वांझ. त्यांना बी धरत नाही, काशांनीच लावावे लागते. हरळीला ऊन प्रिय : २७ ते ३५ अंशांत ती सर्वाधिक वाढते. जीवाणूही तेव्हाच जोमात असतात. तिचे घड्याळ आणि संथ सेंद्रिय नत्राचे घड्याळ मुळातच एका ठेक्यावर चालते. थंड मिलवॉकीत जन्मलेले खत उष्ण प्रदेशातील या गवताला अधिक शोभते, हा योगायोगच. एकच गवत कुठे तण, कुठे पूजाद्रव्य, कुठे हजारो रुपयांचे पीक. आणि तिन्ही ठिकाणी त्याची नत्राची भूक तीच.

आणि तरीही लॉनच्या मालकाची मूळ मागणी अपुरीच राहिली. संथ नत्राने वाढीचे उधाण शमले, वाढ थांबली नाही. रंग हवा आणि वाढ नको, तर काय? गोल्फच्या मैदानांवर लोहाचे क्षार फवारले जाऊ लागले, कारण लोह पान गडद करते आणि त्याला लांबवत नाही. १९९० च्या दशकात ट्रायनेक्सापॅक हे वाढरोधक आले. ते गवताच्या पेशी लांबवणारे संप्रेरकच तयार होऊ देत नाही. एकाच हंगामात नत्र देऊन गवताला वाढ म्हणायचे आणि फवारा मारून वाढू नकोस म्हणायचे, अशी ही अवस्था. लॉनच्या मनातील मूळचा विरोध येथे रसायनांच्या जोडीत उघडपणे लिहिला गेला आहे.

आता लाँग आयलंड. युद्धानंतर १९४७ पासून तेथे लेव्हिट कुटुंबाने लेव्हिटटाउन नावाची हजारो एकसारख्या घरांची वसाहत उभारली. प्रत्येक घरापुढे लॉन, आणि ते नियमाने कापण्याचे बंधन करारात. त्याच करारांत गौरेतरांना तेथे राहण्यास मनाई करणारे कलमही होते. हिरवळीच्या एकजिनसीपणाविषयी आम्ही जे म्हणत आलो त्याला ही पुस्ती कोणी मुद्दाम जोडली असे वाटू नये. ती कागदोपत्री आहे. बेटाची जमीन हिमनद्यांनी आणलेल्या वाळूची, आणि पिण्याचे सारे पाणी त्याच वाळूखालचे. १९७८ मध्ये सरकारने तो भूजलसाठा तेथील लोकांचा एकमेव जलस्रोत म्हणून घोषित केला. वाळूतून नायट्रेट सहज खाली उतरते. सेप्टिक टाक्यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण लॉनचाही आहे. १९९० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील मार्टिन पेट्रोविक यांनी तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा जमिनीत झिरपून गेलेल्या नत्राचे प्रमाण जवळजवळ शून्यापासून ते दिलेल्या मात्रेच्या निम्म्यापर्यंत आढळले. फरक पडत होता तो माती, पाणी, वेळ आणि खताचा प्रकार यांमुळे. वाळू, भरपूर पाणी आणि शीघ्र नत्र हा सर्वांत वाईट संगम. संथ नत्राने गळती घटते, हे त्यातून दिसले. पुढे कायद्यांनी ते उचलले : न्यू जर्सी आणि मेरीलँड या राज्यांनी २०११ मध्ये संमत केलेल्या कायद्यांनी लॉनच्या खतातील किमान २० टक्के नत्र संथ असणे बंधनकारक केले. घराच्या अंगणातील सौंदर्याचा प्रश्न आता सार्वजनिक पाण्याचा प्रश्न झाला होता. आणि हे अंगण केवढे, तर २००५ मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतील हिरवळींचे क्षेत्र सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर भरते. महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक.

परंतु संथपणाचा उपाय कुठे तोकडा पडतो तेही पुढे कळले. मिशिगन स्टेट विद्यापीठात जमिनीत पुरलेल्या टाक्यांवर ब्लूग्रासची हिरवळ वाढवून तिच्यातून झिरपणारे पाणी वर्षानुवर्षे मोजण्यात आले. कोवळ्या हिरवळीने दिलेले बहुतेक नत्र धरून ठेवले. पण दशकभराने, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, भारी मात्रा मिळणाऱ्या त्याच हिरवळीखालच्या पाण्यात नायट्रेटरूपी नत्र लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या वर गेले. पिण्याच्या पाण्याची अमेरिकी मर्यादा १० आहे. हलकी मात्रा मिळणाऱ्या तुकड्यांत ते बहुधा ५ च्या खाली राहिले. म्हणजे माती भरली होती. वर्षानुवर्षांच्या कुजलेल्या मुळा-पानांचा साठा आता स्वतःच नत्र सोडीत होता. जुनी हिरवळ हीच एक संथ खत बनते, आणि जो मालक तिच्या वयाकडे न पाहता पिशवीवरील मात्रा पाळतो तो भरल्या घागरीत ओतत राहतो. कापलेले गवत तिथेच पडू दिले तर गरज आणखी घटते. मेंढी हे काम करीत असे, हे आठवावे.

आपल्याकडे संथ नत्राची गरज लॉनमुळे नव्हे, अन्नामुळे निर्माण झाली. भातखाचरात युरिया फेकला की त्यातला पुष्कळसा वाया जातो. निंबोळी पेंड युरियाला चोळून देण्याची रीत महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना परिचित आहे. २०१५ पासून देशात बनणाऱ्या सर्व अनुदानित युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. तांत्रिकदृष्ट्या निंबोळीने युरिया सावकाश विरघळत नाही. सुटलेल्या अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंना ती रोखून धरते. परिणाम मात्र त्याच दिशेचा. आणि २०२३ मध्ये 'युरिया गोल्ड' नावाने गंधकाचा लेप दिलेला युरिया भारतात आला. मसल शोल्समधील जुनी कल्पना साठ वर्षांनी, गंधकाची कमतरता असलेल्या शेतांसाठी. तिथे प्रश्न रंगाचा नाही.

संथ नत्राच्या साधनांवरही अलीकडे संशय दाटला आहे. नत्र निघून गेल्यावर प्लॅस्टिकच्या लेपाची रिकामी टरफले मातीत राहतात. युरोपीय संघाने २०१९ च्या नियमावलीत अशा लेपांना जैवविघटनशील असण्याची अट घातली आणि त्यासाठी जुलै २०२६ ही मुदत ठरवली. सांडपाण्याच्या गाळात न नासणारी फ्लोरीनयुक्त रसायने सापडू लागल्याने मेन राज्याने २०२२ मध्ये गाळ जमिनीवर टाकण्यासच बंदी केली. संथपणा कशात गुंडाळून आणला, याचा हिशेब आता मागितला जातो आहे.

रोथॅमस्टेडच्या कुरणात दरम्यान आणखी एक प्रयोग झाला. १९८९ पासून काही तुकड्यांच्या अर्ध्या भागाचे नत्र, शतकाहून अधिक काळ दिल्यानंतर, थांबवण्यात आले. एका गवताच्या सत्तेखाली गेलेले ते भाग तसेच राहतील असे पुष्कळांना वाटले होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार तेथे पुन्हा अनेक जाती परतल्या. हवेतून उतरणारे नत्रप्रदूषण त्या काळात कमी झाले, त्याचाही हातभार लागला. परतणाऱ्यांत ठळक होती ती शेंगवर्गीय झाडे. आणि त्यांत क्लोव्हरही आहे.